श्रद्धांजलीतही ‘प्लीज कंटिन्यू’?

मंडळी, ‘कंटिन्यू’ कधी म्हणू नये, हे आता ट्रेनिंगमध्ये शिकवायचं का?

आमच्या हडपसरच्या ऑफिसात रोज चहा देणाऱ्या मंदाकाकू काल गेल्या. अंगात ताप असताना परवापर्यंत कामावर येत होत्या. आज सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, “सर, काकूंसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या.”

सगळे उभे राहिले. साहेब मात्र बसूनच. खुर्च्यांचा आवाज थांबतो न थांबतो तोच लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, “ओके, व्हेरी सॅड. प्लीज कंटिन्यू.”

अहो, काय कंटिन्यू? बाई गेली ना! आणि जास्त संताप याचा, की प्रेझेंटेशन देणाऱ्या स्नेहलने खरंच पुढची स्लाइड लावली आणि आम्ही सगळे मुकाट खाली बसलो.

दुपारी साहेब केबिनबाहेर आले. “अरे, आज चहा कुठे राहिला?”

कुणीच बोललं नाही. टायपिंगही थांबलं. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. “काय झालं काय?”

मी म्हटलं, “काही नाही सर. सकाळची दोन मिनिटं अर्धवट राहिली होती, ती कंटिन्यू करतोय. आपण आता उभे आहातच, तर राहा.”