शेव्केतकाकांचा दिवाण

शेव्केतकाकांचं ऑफिस सरकारदरबारी अडलं ते माझ्या फोटोंमुळे. कुणी काहीही म्हणो, चूक माझी.

अमेरिकेत, पॅटरसनमध्ये एका वकिलांकडे मी व्हिसाचे कागद लावते. शेव्केतकाका आमच्या तुर्कस्तानातल्या अँतेपचे. तिथे त्यांचा नि धाकट्या भावाचा गालिच्यांचा कारखाना. भूकंपात कारखाना वाचला, पण घर, दुकान आणि काकू गेल्या. उरली एकुलती लेक झेलिहा, ती इथे पॅटरसनमध्ये. तिच्याजवळ राहायचं तर कंपनीची नवी शाखा इथे उघडून शाखेचे मॅनेजर म्हणून व्हिसा मागायचा. त्यासाठी शाखेला पुरेशी, खरीखुरी जागा आहे हे दाखवावं लागतं.

जागा छान होती. मेन स्ट्रीटवर, पाच वर्षांचा भाडेकरार. काकांनी ती हौसेने सजवली. तिन्ही भिंतींना बैठकी, मधे पितळी तबक, आणि समोर वडिलांचा अक्रोडाच्या लाकडाचा दिवाण. ढिगाऱ्यातून काढलेला, एक पाय नवा बसवलेला. टेबल एकच, कोपऱ्यात. फोटो काढताना मनात आलं, वा, याला म्हणतात ऑफिस! माझ्या बाबांची पेढीही अश्शीच होती. एवढे कागद लावलेत मी, पण तेव्हा काही म्हणता काही खटकलं नाही.

दोन महिन्यांनी इमिग्रेशनचं पत्र आलं. अर्जात सहा कामगार लिहिलेत, फोटोत दिवाणखाना दिसतो, मग माणसं काम कुठे करणार?

"कुठे म्हणजे?" काका भडकले. "गिऱ्हाईक येतं, बसतं, चहा पितं, मग गालिचा उलगडायचा. टेबलामागे बसायला मी काय पोस्टमास्तर आहे?"

"बाबा, हट्ट पुरे," झेलिहा म्हणाली. "व्हिसा नाकारला तर परत जावं लागेल. तिथे कोण आहे तुमचं?"

काका दिवाणावर जाऊन बसले. मग म्हणाले, "दिवाण तेवढा राहू दे. बाकी सगळं उचला."

मी टेप लावून तीनतीनदा मोजलं. "काका, सहा टेबलं टाकली की दिवाणाला जागाच उरत नाही."

"तुला आधी नाही का गं सुचलं हे?"

मी टेप गुंडाळायला लागले.

दिवाण झेलिहाच्या घरी न्यायचं ठरलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की वरही जाईना, खालीही येईना. शेजारी ओरडायला लागले. जावई म्हणाला, "कापावा लागेल. वर नेऊन जोडू."

"आण ती करवत," काका म्हणाले. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. मी खालच्या पायरीवर बसून रडले. तो अजून जोडलेला नाही.

नवे फोटो गेले, व्हिसा मिळाला. एका वर्षाचा. तेवढ्यात धंदा चालवून दाखवला तरच पुढे मुदत मिळते.

परवा मी ऑफिसात गेले. सहा चकचकीत टेबलं, दोन पोरी कॉम्प्युटरवर. काकांनी चहा ओतला. "बस ना, पोरी," म्हणत सवयीने भिंतीकडे हात केला, मग एका पोरीला उठवून तिची खुर्ची पुढे ओढली. मी बसले नाही.

"गिऱ्हाईक येतं का, काका?"

"येतं की. उभ्याउभ्या भाव विचारतं आणि जातं."