तिकडं बी हेच करतीस म्हणं

"कौशीची पोरगी ना तू? मग घे की झाडू. तिकडं बी हेच करतीस म्हणं."

भाऊसाहेब हे सगळ्यांसमोर म्हणाले. कॉलेजच्या व्हरांड्यात, प्राचार्यांच्या खोलीबाहेर. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे सचिव. कॉलेज त्यांच्या वडलांनी काढलेलं. मी त्याच कॉलेजात बीए केलं आणि त्या दिवशी तिथंच पाहुणी म्हणून आले होते. स्वागताचं गुलाबाचं फूल अजून हातात होतं. समोरच्या फ्लेक्सवर माझा फोटो. खाली लिहिलेलं, 'पोलंडमधील कामाची संस्कृती आणि आपण'.

झालं असं की पाहुण्यांचा संडास तुंबला. घाण पाणी व्हरांड्यापर्यंत आलं. धाराशिवहून कुणी मोठे साहेब यायचे होते. आणि झाडणारी बाई आली नव्हती. झाडणारी बाई म्हणजे माझी आई. तिचा गुडघा सुजला होता. मीच तिला सकाळी दटावून घरी बसवलं होतं.

भाऊसाहेब बोलले आणि चारचौघं हसले. मला शिकवलेले शिंदे सर हसले नाहीत. त्यांनीच मला बोलावलं होतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिले.

लोक मला विचारतात, राग आला असंल की लई. नाही आला. काहीच आलं नाही. कानात बोळे घातल्यासारखं झालं, माणसांची तोंडं हलताना दिसत होती. मी फूल खिडकीत ठेवलं. ओढणी कमरेला खोचली. कुणी मला ढकललं नाही, कुणी हाताला धरलं नाही. माझे हात आपोआप निघाले होते.

माझे हात असे आपोआप निघालेले मी आधी एकदा बघितले होते. पोलंडात.

मी तिथं दोन वर्षं काढली. एजंटाच्या ओळखीनं गेले. गावाबाहेर गोठवलेल्या भाज्यांचा आणि फळांचा कारखाना. पट्ट्यावरून वाटाणे, गाजर, स्ट्रॉबेरी असलं यायचं, आम्ही खराब माल वेचून टाकायचो. आत कायम थंडी. हातमोजे घालून बी संध्याकाळपर्यंत बोटं मरून जायची. खोलीवर आले की बोट दातात धरून बघायची, आपलंच हाय का म्हणून.

कामाबद्दल बोलायला बोलावलं होतं, तर ते सांगते. पोलिश बाया कामाला लागल्या की आधी कुरकुर. थंडीबद्दल, मशीनबद्दल, साहेबाबद्दल, सरकारबद्दल. आपल्याकडं मजूर मनातल्या मनात बोलतो. त्या तोंडावर बोलायच्या, आणि बोलता बोलता हात चालू. माल खराब गेला तर स्वतःलाच शिव्या द्यायच्या. पण सुट्टीचा भोंगा झाला की पेटी अर्धी असली तरी हात खाली. साहेबाला बरं वाटावं म्हणून जराही जास्त थांबायच्या नाहीत. मला सुरुवातीला त्या उर्मट वाटल्या.

युक्रेनच्या बाया गप्प राबायच्या. मधल्या सुट्टीत फोनला चिकटायच्या, गावाकडं घर शिल्लक हाय का विचारायला. फिलिपाइन्सच्या पोरी गुणगुणायच्या आणि साहेब दिसला की हसायच्या. आम्ही भारतातले साहेब दिसला की उभं राहायचो. जेवत असलो तरी. तोंडात घास घेऊन उभं.

आमच्या लाईनीवर दानुता नावाची मुकादम होती. पन्नाशीची, जाड, सारखं नाक पुसणारी. तिकडं बाईच्या नावाआधी मान म्हणून 'पानी' लावतात. साहेब दानुताला पानी म्हणायचा. फरशी पुसणारीला बी पानीच. पहिल्यांदा तो मला पानी म्हणाला तेव्हा मी मागं वळून बघितलं, पाणी कुणाला पाहिजे म्हणून. माझ्या आईला कॉलेजातली मिसरूड न फुटलेली पोरं बी 'ए कौशे' म्हणतात. तिचं नाव कौसल्या आहे.

कारखान्यात संडास धुवायला आमच्या लाईनीवर सगळ्यांचा नंबर लागायचा. दानुताचा बी. आम्हा भारतातल्या मजुरांत सोलापूरकडचा एक माणूस होता. आल्या आल्या त्यानं मला आडनाव विचारलं. तिकडं कुणाला आडनाव नीट उच्चारता बी येत नव्हतं, पण ह्याला पाहिजे होतं. आडनाव कळलं आणि त्या दिवसापासून त्याचा नंबर आला की तो फरशी पुसायचा दांडा माझ्याजवळ आणून भिंतीला टेकवायचा. काही बोलायचा नाही. मी बी काही बोलायची नाही. जाऊन धुवायची. कितीतरी महिने.

मग एकदा दानुताचा नंबर होता. तिनं दांडा उचलला. मी लाईन सोडून पळत गेले आणि तिच्या हातातून घ्यायला लागले. तिनं सोडला नाही. मी बी सोडला नाही. दोघी ओढत होतो.

"द्लाचेगो?" ती ओरडली. म्हणजे, का?

मी मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये म्हणलं, तुम्ही मोठ्या.

ती लांबलचक बोलली. मला कळेना म्हणून तिनं फोनमध्ये बोलून हिंदी करून दाखवलं. मी आजारी आहे का? माझे हात तुटलेत का? माझं काम माझ्या हातातून का काढून घेतेस? मी वाचलं. ती उत्तराची वाट बघत उभी होती. उत्तर होतं. पण ते सांगायचं तर पार माझ्या आज्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढी भाषा मला येत नव्हती.

ती आत गेली. संडास धुऊन आली. हात पुसत, मला कळंल असं सावकाश म्हणाली, मी जर्मनीत म्हाताऱ्यांची अंगं पुसली. तिथं मला नाव नव्हतं, पोलिश बाई म्हणायचे. एवढंच बोलली आणि पट्ट्यावर उभी राहिली.

दानुता देवमाणूस नव्हती. मशीन बंद पडलं की आधी आम्हा काळ्यांवर ओरडायची. बसमध्ये माझ्या शेजारची बाई पिशवी छातीशी घेऊन सरकायची, ते दानुता समोरच्या सीटवरून बघायची आणि बाहेर बघायला लागायची. तिकडं सगळं चांगलं, इकडं सगळं वाईट, असलं मला म्हणायचं नाही.

पण पुढच्या वेळी त्या माणसानं दांडा आणून टेकवला, तो मी उचलला आणि त्याच्या समोर नेऊन ठेवला. तो माझ्याकडं बघत राहिला. मग गेला, धुवायला. त्या दिवसानंतर भारतातलं कुणी माझ्या टेबलावर जेवायला बसलं नाही.

तर व्हरांड्यात माझी ओढणी कमरेला खोचलेली होती. भाऊसाहेबांनी झाडूकडं बोट दाखवलं. मी खोचलेली ओढणी काढली. परत खांद्यावर घेतली.

"मी बोलायला आलीय, भाऊसाहेब."

"बोल की. कोण नको म्हणतंय? आधी एवढं करून टाक. कामाची लाज कसली?" ते फ्लेक्सकडं बघून म्हणाले, "तूच सांगणार ना पोरांना, तिकडं कुठल्याच कामाची लाज नसती म्हणून?"

त्यांना वाटलं, आता बोलायला काही उरलं नाही. बाकीच्यांना बी वाटलं. एकानं मान डोलावली.

"तिकडं मुकादमाचा बी नंबर असतो," मी म्हणलं. "आज तुमचा धरा. मी पाणी टाकते, तुम्ही खराटा मारा."

माझा आवाज मोठा नव्हता. तरी आतल्या खोलीतला टाईप करायचा आवाज थांबला. भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाठ केली. शिंदे सरांकडं बघून म्हणाले, "हिला बाहेर काढा."

शिंदे सर माझ्याबरोबर गेटपर्यंत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "जरा सबुरीनं घ्यायला पाहिजे होतं." हॉलमध्ये पोरं-पोरी बसवून ठेवली होती, त्यांना कार्यक्रम रद्द म्हणून सांगितलं. गेटाबाहेर रिक्षातून सुमनमावशी उतरली. आमच्या गल्लीतली, आईची चुलतबहीण. कॉलेजनं तिला फोन करून बोलावलं होतं. हातात खराटा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी तिला अडवलं नाही. तिची दोन पोरं ह्याच कॉलेजात शिकतात.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आई गुडघ्याला हळद लावून बसली होती.

"काय म्हणलीस त्यांना?"

मी सांगितलं.

तिनं बोटांना लागलेली हळद पदराला पुसली. मग म्हणाली, "तू जाशील विमानानं. मला ह्याच रस्त्यानं बाजारला जायचंय."

मी भाकरी खाल्ली. मीठ आहे का नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा क्लार्क मोटरसायकलवर आला. खाली उतरला नाही. "ए कौशे," त्यानं बाहेरूनच हाक मारली. आई भिंतीला धरून उठली. त्यानं निरोप सांगितला. पोरीनं भाऊसाहेबांची माफी मागायची, मग आईनं सोमवारपासून कामावर यायचं. न्हायतर सुमन हायच.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. नुसती थकलेली होती.

"माफी न्हाय मागणार," मी क्लार्कला म्हणलं. "आणि तिचं नाव कौसल्याबाई हाय."

तो गाडी वळवून निघून गेला. आईनं हळदीची वाटी भिंतीवर फेकली. "माझी भाकर घालवलीस," म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आजपर्यंत नाही. ताट वाढती, समोर ठेवती, उठून जाती. मला त्याचंही काही वाटंना. वाटायला पाहिजे, हे कळतं.

एजंटाचा फोन आला. कारखान्यानं परत बोलावलंय, कागद लवकर द्या. मी त्याला नाही म्हणून सांगितलं आणि भाऊसाहेबांवर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. आईला बरोबर ये म्हणलं नाही. भाऊसाहेब बोलले होते ते मला, मग तक्रारीवर सही माझीच पाहिजे.

जमादार वयस्कर होते. खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं.

"समोर कोण कोण होतं?"

मी नावं सांगितली. हसणाऱ्यांची आधी. मग शिंदे सरांचं. मग सुमनमावशीचं बी, ती गेटावर होती म्हणून.

"ह्यातलं कोण तुमच्या बाजूनं बोलंल?"

"कुणीच न्हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. परदेशात जाऊन आलेल्या. हे लई लांबतं. वर्षं जातात. तुम्हाला परत जायचं असंल ना तिकडं?"

"न्हाय जायचं."

"आई काय म्हणती?"

"बोलत न्हाय."

बाहेर कुणीतरी जीप धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"तुम्ही लिहा," मी म्हणलं. "ते कोर्टात खोटं बोलतील तेव्हा मी समोर बसून असंन. प्रत्येक तारखेला. लांबू द्या किती लांबायचं ते."

त्यांनी पेन उचललं.