कापले जाणारे पैसे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. पाटणकडची, फार्मसी शिकणारी. वडील फौजेत होते. ते दर महिन्याला तिच्या खात्यावर पैसे पाठवत, आणि ते खातं मी नोकरी करत होते त्याच बँकेत होतं. मला ती काकू म्हणायची.

पोरगी हुशार, पण नाही म्हणणं तिला येतच नसे. धाकट्या भावाला बूट पाहिजेत, पाठव पैसे. चुलतबहिणीच्या लग्नात साडी द्यायची, पाठव पैसे. महिनाअखेरीला ती आमच्याकडे चहाला जरा जास्तच रेंगाळायला लागली की मी ओळखायचे, मेसचे पैसे थकले. मला राग यायचा. पुढच्या वर्षी वडील पेन्शनवर जाणार होते आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, "शेवटच्या वर्षाची फी माज्याच्यानं हुनार न्हाई. तुझं तू बघ, न्हाईतर स्थळं बघू." म्हणजे फी तिनेच शिल्लक टाकायची होती, नाहीतर शिक्षण तिथेच संपणार होतं.

मी तिला रिकरिंगचं खातं काढून दिलं. दर महिन्याला पैसे आले की ठरलेली रक्कम बचत खात्यातून तिकडे आपोआप वळती करावी, असा अर्ज लिहून घेतला. आमच्या शाखेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे 'आपोआप' म्हणजे मीच. उरलेल्यात खोली, मेस, वह्या असं सगळं तिच्याकडून मांडून घेतलं. पहिल्या महिन्यात आम्ही दोघी साबणच धरायला विसरलो, तो मी आमच्यातला दिला.

गंमत म्हणजे यातून तिला एक वाक्य सापडलं. घरून मागणी आली की ती म्हणायची, "ते पैसे कापले जातात." देत नाही, देणार नाही, असलं काही नाही. बँकच कापते, त्याला ती बिचारी काय करणार? मला माझ्याच हुशारीचं फार कौतुक वाटलं.

चैत्रात तिच्या गावची यात्रा आली. वडील सुट्टीवर आले होते. यात्रेला दारात येईल त्या पाहुण्याला मटणाचं जेवण घालावंच लागतं, नाहीतर भावकीत मान खाली जाते. ते तिला घेऊन थेट बँकेत आले.

"ताई, ते कापल्यालं पैसं मोडून द्या. फौजेत असतानाची ही माजी शेवटची यात्रा हाय."

आता बँकेला नाही म्हणता येत नव्हतं. खातं मोडायला फक्त तिची सही लागत होती. मी फॉर्म काउंटरवर ठेवला आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने पेन उचललं. मग तिने टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"आण्णा, तेवढं सोडून बोला. ती माजी फी हाय."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचा बी फंड कापत्यात फौजेत. म्हणून तर ऱ्हातोय." आणि तिला म्हणाले, "चल, यष्टी चुकंल."

ती दोघं गेली तरी मला काम सुचेना. नोकरीला लागल्यापासून माझा पगार मी त्याच दिवशी काढून सासऱ्यांच्या हातात देत आले होते. बाहेरून एम. ए.ला बसायचं मनात होतं, पण फीचे पैसे कधी मागितले नाहीत.

दुसऱ्या महिन्यात मीही माझ्या नावाने तसाच अर्ज दिला. पगार हातात ठेवला तेव्हा सासऱ्यांनी नोटा मोजल्या आणि मान वर केली.

"कमी कसे?"

त्या मुलीसारखं सरळ सांगावं असं बँकेतून येताना वाटभर घोकलं होतं.

"कापले जातात," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.