न पळणारा घोडा

परवा खडेबाजारातील एका दुकानात नव्या खोगिराच्या चामड्याचा वास आला, आणि तरुणपणी पाहिलेला निपाणीचा बाजार डोळ्यांसमोर उभा राहिला.

अर्ज लिहिण्याच्या निमित्ताने कचेरीत उठबस असणाऱ्या गृहस्थास पायी फिरणे शोभत नाही, असे माझे ठाम मत होते. मात्र भरधाव घोड्यावरून पडून माझ्या मेहुण्याचा पाय मोडला होता. त्यामुळे पत्नीच्या संमतीखेरीज घोडा घरी येणे अशक्य होते. म्हणून तिलाच सोबत नेले.

घोड्यांचे व्यापारी आप्पा यांनी एक तांबूस, तरुण घोडा पुढे आणला. "वाऱ्यागत पळतोय बघा," ते म्हणाले, तशी पत्नीने मान फिरवली. इतक्यात घोडा चालू लागला. त्याचे पुढचे गुडघे आत वळलेले आणि खूर बाहेर फाकलेले होते.

"आप्पा, असल्या पायानं ह्यो पळतोय व्हय?" तिने विचारले.

आप्पा ओशाळले. "खरं सांगू, आक्का? चालतोय झ्याक, पण लई पळायचा न्हाय."

"मग ह्योच घ्या की," ती मला म्हणाली.

कचेरीसमोर भरधाव येऊन उतरण्याचे माझे मनोरथ तेथेच संपले. घोडा इतका सावकाश चालला की, पत्नी गावापर्यंत शेजारून गप्पा मारीत आली. लोक पाहतील, या विचाराने मी त्या समयी संकोचलो होतो. भरल्या घरात आम्हां दोघांस दिवसाउजेडी इतके बोलावयास कधी मिळालेच नव्हते, हे आज उमजते. आणि घर दिसू लागताच मी लगाम का ओढला, तेही.