महापाकोळीच्या अंगावरचं रेशीम

फुसाए यानागिसावा या बाईने आयुष्यात अकरा राक्षस शिवले. खवले, शेपट्या, सोंडा, सगळं तिच्या सुईखालून गेलं. तोक्योच्या पश्चिम टोकाला, जिथे भाताची खाचरं संपून सिनेमाच्या स्टुडिओचे पत्रे दिसायला लागतात, तिथल्या शिवणखोलीत तिचं राज्य होतं. बाई बुटकी, बोलण्यात काटकसरी, आणि तोंडात कायम चार टाचण्या. काही विचारलं की ती आधी एकेक टाचणी काढून उशीला टोचायची आणि मग उत्तर द्यायची. तेवढ्या वेळात विचारणारा अर्धा घाबरून जायचा, आणि ते तिच्या सोयीचंच होतं.

ती मूळची शिन्शूच्या डोंगरातली. घर रेशीमकिड्यांचं. पण किडा हा शब्द त्या घरात कोणी उच्चारायचा नाही, अळीमाय म्हणायचं. अळीमाय माडीवर राहायच्या, माणसं खाली. माडीवर जायचं तर पाय धुवून. तंबाखू ओढून आलेल्या पाहुण्याला जिन्याखालीच थोपवायचं. कोणाला मोठ्याने भांडायचं असेल तर त्याने बांधावर जाऊन भांडावं. आईबाप पोरांवर ओरडले असतील, अळीमायपुढे कधी आवाज चढला नाही. आणि शरदातलं शेवटचं पीक निघालं की गावाबाहेरच्या दगडापुढे सगळं गाव हात जोडून उभं राहायचं. वर्षभरात कोषांत मेलेल्या अळीमायचा दगड तो.

बाविसाव्या वर्षी फुसाए नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका माणसाबरोबर तोक्योला निघून गेली. रीतीचं लग्न झालंच नाही. पुढे तो माणूस लढाईत मारला गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता येईल परत. ती गेली नाही, आणि थोरल्या भावाने, तोकुजीने, बोलावलंही नाही. आई वारली तेव्हा दोघं भावंडं एका चटईवर बसली, चहा प्याली, पाऊसपाण्याचं बोलली आणि उठली.

आईने मात्र फुसाएच्या लग्नाच्या रजईसाठी रेशमाचा कापूस काढून ठेवला होता. दोन अळ्यांनी मिळून एकच कोष केला तर त्याचं सूत नीट निघत नाही. तसले कोष कढत पाण्यात मऊ करायचे आणि लाकडी चौकटीवर बोटांनी ताणायचे, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. हे काम थंडीतलं. आईच्या बोटांची सालं निघायची. लग्न नाही म्हणून रजई नाही, आणि तो कापूस पंचवीस वर्षं पेटीत पडून राहिला.

तोक्योच्या ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी इसोगाई सेन्सेईंनी, म्हणजे स्टुडिओच्या गुरुजींनी, महापाकोळीचा सिनेमा काढला. सेन्सेई म्हणजे वीतभर उंचीची शहरं बांधून घ्यायची आणि राक्षसाकडून ती तुडवून घ्यायची, यात आयुष्य घालवलेला माणूस. या वेळी त्यांना रेशमाच्या कोषातून निघते तसली, पण दहा हात पंखांची पाकोळी हवी होती, आणि तिचं अंग असं हवं होतं की बघणाऱ्याला हात फिरवावासा वाटेल.

फुसाएने आधी सशाची कातडी लावून पाहिली. छताशी बसून तारा ओढणाऱ्यांचा म्होरक्या उमेकी, त्याने वरूनच निकाल दिला.

"फुसाएसान, ही पाकोळी नाही. ही पंख फुटलेली मांजर आहे. दूध ठेवा तिच्यापुढे."

मग साधा कापूस लावला.

"आता उशी फाटली," उमेकी म्हणाला.

"तुमच्या तारा दिसतात तेव्हा मी काही बोलते का?" फुसाए म्हणाली. पण उशी फाटल्यासारखं दिसत होतं हे खरंच होतं.

त्या आठवड्यात तिने भावाला पत्र लिहिलं. इतक्या वर्षांत काही मागायला लिहिलेलं ते पहिलं. दहा दिवसांनी खोकं आलं. आत आईचा तो रेशमाचा कापूस, वर चिठ्ठी. 'आईचं आहे, तुझ्याच नावाचं. शेवटी त्या पाकोळीचं काय होतं? आपल्या पाकोळ्या उडत नाहीत. जागच्या जागी फडफडतात, अंडी घालतात आणि मरतात. जन्मभर तेच बघतोय. तुझी उडते म्हणतेस, तर बघायला येईन म्हणतो.'

फुसाएने ती चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की इस्त्री करणाऱ्या बाईने विचारलं, कोणाचं लग्न ठरलं का. तिने उलट टपाली कळवलं, की शेवटी ती आपल्या बेटावर उडून जाते, तिला काही होत नाही, आणि उडण्याचं काम गुरुवारी सकाळी आहे. तेव्हा ते खरंच होतं.

तीन आठवडे ती पापुद्र्यावर पापुद्रा टाकत गेली. दिव्याखाली ठेवली तेव्हा पाकोळी आतून उजळल्यासारखी झाली. उमेकी वरून खाली उतरून आला आणि काहीच बोलला नाही. त्याच्याकडून एवढी मोठी पावती आजवर कोणाला मिळाली नव्हती.

आणि मग सेन्सेईंचा विचार बदलला. सोमवारी सकाळी सगळ्यांना गोल बसवून ते म्हणाले, "उडून गेली तर लोक बरं वाटून घरी जातील. मला ते रडायला हवेत. ती समुद्रावर जळेल." नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे का. नेहमीप्रमाणे कोणाला काही म्हणायचं नव्हतं. त्या खोलीत विचारायची रीत होती, सांगायची नव्हती.

पण फुसाएचा चेहरा त्यांना दिसला असावा. ते वाईट माणूस नव्हते. "साध्या कापसाची जुळी करू," ते म्हणाले. "ती जाळू, ही ठेवू. फुसाएसान, दिसेल का सारखी?"

फुसाएने टाचण्या काढल्या. एक, दोन, तीन, चार. नुसतं 'दिसेल' म्हणायचं होतं.

"नाही दिसणार," ती म्हणाली. "रेशीम दिवा पितं. कापूस कापसासारखाच दिसतो."

"मग हीच."

बाहेर आल्यावर उमेकीने गाठलं. "हो म्हणाला असतात तर काय जीभ झडली असती?"

"सारखी दिसली नसती."

"पडद्यावर अर्धा मिनिट आहे ते. कोणाला कळणार होतं?"

"मला."

"झालं. तुमच्या एकटीसाठी सिनेमा काढायला हवा."

हाताच्या कामाबद्दल तिला खोटं बोलता येत नव्हतं. भावाशी मात्र आलं, आणि तेही तोंड न उघडता. सोमवार होता. तार करायला अख्खे दोन दिवस होते. तिने टपालाच्या कचेरीत जाऊन फॉर्मही घेतला. 'शेवट बदलला, जाळणार आहेत.' एवढेच शब्द. मग तिने स्वतःशी ठरवलं, की आधी उडणं आहे, आग नंतर आहे. दादाला उडताना दाखवू आणि आग लागायच्या आत चहाला घेऊन जाऊ. नाहीतरी आपण अळीमायसकट कोष कढत पाण्यात घालतोच की. एकदा मनाला समजवायला बसलं की मन काय, सगळं समजून घेतं. फॉर्म कोराच पिशवीत गेला.

गुरुवारी तोकुजी आला तो त्याच्या एकुलत्या एका काळ्या सुटात, मर्तिकाला घालायच्या. डोक्याला टोपी, हातात फडक्यात बांधलेल्या, भाजी भरून भाजलेल्या ओयाकी.

"काय गं फुसा, बारीक झालीस," तो म्हणाला. ती काही बारीक झालेली नव्हती, पण एवढ्या वर्षांनी काहीतरी म्हणायला हवंच.

तो पाकोळीपाशी गेला आणि हाताची मागची बाजू तिच्या अंगावरून फिरवली. तळहाताला घट्टे होते, रेशमाला अडकले असते. "आईचंच," तो म्हणाला.

उमेकी पुढे झाला. "हिला आम्ही उडवतो बरं का, तोकुजीसान. वर बसून तारा ओढतो. पंख हिचे, कंबर आमची मोडते."

"आमच्या पाकोळ्यांना तुमच्यासारखं कोणी भेटलं नाही," तोकुजी म्हणाला. मग त्याचं लक्ष उमेकीच्या कानामागच्या सिगारेटकडे गेलं. "तिच्याजवळ ओढता काय?"

उमेकीने सिगारेट काढून खिशात टाकली आणि फुसाएकडे बघितलं. फुसाए जमिनीकडे बघत होती.

फुसाएने तोकुजीला स्टूल दिलं. पाण्याच्या हौदावर दिवे लागले, पंखे सुरू झाले, वर माणसांनी दम रोखला आणि महापाकोळी उठली. आधी जड, मग हलकी. पंख खाली गेले की पाण्यावर लहर उठत होती आणि अंगावरचं रेशीम श्वास घेतल्यासारखं फुलत होतं. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती गेली, वळली, परत आली. तोकुजी कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तोंड उघडं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण पतंग उडवणाऱ्या पोरासारखी मान वर.

"दादा, चल, चहा घेऊन येऊ," फुसाए म्हणाली.

"थांब गं. उडतेय ती."

"मग थंड होईल."

"होऊ दे."

तिने त्याची बाही धरली. तो चेहरा बघून तिला ओढवेना. आणि तेवढ्यात सेन्सेईंनी हात वर केला.

पंख बांबूचे आणि कापडाचे, ते भडकले. रेशीम काही पटकन जळत नाही. ते आक्रसत गेलं, काळं पडत गेलं, आणि केस जळल्याचा वास सगळीकडे पसरला. पाकोळी जळत जळत अर्धा हौद उडाली आणि मग पाण्यात बसली. छान बसली. वरच्या माणसांनी आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

तोकुजीने टोपी काढली होती. हात जोडून, मान खाली घालून तो उभा होता, गावच्या दगडापुढे उभा राहतो तसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काम संपलं की वाजवतात तशा, आणि त्या टाळ्यांत तो एकटाच तसाच उभा राहिला.

सेन्सेई स्वतः त्याच्याकडे आले. "तुमच्या रेशमामुळे जमलं," म्हणाले.

"उपयोगी पडलं, बरं झालं," तोकुजी म्हणाला आणि रीतीप्रमाणे कमरेतून वाकला.

फाटकापाशी फुसाएने विचारलं, "जेवून तरी जाशील?"

"नको. तीनची गाडी आहे. अळीमायचा पाला काढायचाय."

ऑक्टोबर संपत आला होता. शेवटचं पीक निघून माडी रिकामी होती. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

सिनेमा चालला. पाकोळी जळताना बायका खरंच रडल्या. शिन्शूतही लागला, तोकुजी गेला नाही. नव्या वर्षाचं कार्ड मात्र तो दरवर्षी पाठवायचा, छापील, खाली नुसतं नाव. फुसाएने दोनदा लांबलचक पत्रं लिहिली. पहिल्यात सगळा दोष सेन्सेईंचा होता, म्हणून फाडलं. दुसऱ्यात सगळा तिचा होता, तेही फाडलं.

सहा वर्षांनी पुतण्याचा निरोप आला, की बाबा अंथरुणाला खिळलेत. ती गेली. अळीमायचा धंदा तोवर बसला होता, माडीवर सफरचंदांची खोकी रचलेली होती. ती त्याच्या उशाशी बसली आणि अर्धा तास सफरचंदांबद्दल बोलली. कीड पडते का, भाव कसा आहे. तोकुजीने सगळं ऐकून घेतलं.

"जाळायचंय असं लिहिलं असतंस ना, तरी पाठवलं असतं," तो मध्येच म्हणाला. "तुझंच होतं ते. तू वापर, जाळ, तुझी मर्जी. पण मग मी आलो नसतो. इथंच दगडापुढे उदबत्ती लावून मोकळा झालो असतो."

फुसाएने त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली.

"तू मला स्टूल दिलंस बघायला," तो म्हणाला. "तेवढंच नको होतं."

ती 'चुकलं' म्हणणार होती. पण तेवढ्यात सून औषध घेऊन आली, मग त्याला डोळा लागला, आणि संध्याकाळची गाडी होती. पुढल्या खेपेला नीट बोलू, असं तिने ठरवलं. पुढली खेप झाली ती काळ्या कपड्यांत.

त्यानंतर फुसाएने नऊ वर्षं काम केलं. स्पंज आला, प्लास्टिकचे केस आले, रेशमाचं कोणी नाव काढलं नाही. तिच्यात एकच बदल झाला. स्टुडिओत कोणी पाहुणा आला, कोणाचा बाप, कोणाची मावशी, कोणाची शाळकरी पोरं, की ही शिवणखोलीतून उठून त्यांच्यापाशी जायची आणि सांगायची, "हे जे उभं आहे ना, ते दुपारी फोडणार आहेत. ते कासव जळणार आहे. बघायचं असेल तर बसा, नाहीतर बाहेर चहा आहे."

"फुसाएसान, तुम्ही सगळ्यांना शेवट आधीच सांगून टाकता," उमेकी वैतागायचा. "मग बघायचं काय त्यांनी?"

"ते त्यांचं त्यांनी ठरवावं," फुसाए म्हणायची, आणि पुढच्या पाहुण्याकडे वळायची.