बेचाळीस जिलब्या

दत्तू गेल्याचं मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. टाइमकीपर दारातूनच ओरडला, "अरे, दत्तू गेला! सकाळी मोरीत कोसळला तो..." माझ्या शेजारचा म्हणाला, "खाऊन खाऊन मेला," आणि त्याने चटणी पुढे ओढली. मला त्या शेजाऱ्याची किळस आली. आज दीड महिन्याने लिहायला बसलोय, किळस तशीच आहे. फक्त आता ती माझी मलाच येते.

दत्तू आणि मी भांडुपच्या एकाच चाळीत वाढलो. कबड्डीत तो चढाई करायचा. हडकुळा, चिवट, चौघांच्या पकडीतून मासळीसारखा निसटायचा. मुलुंडच्या आमच्या कारखान्याने त्याला संघासाठीच नोकरीत घेतलं, पाठोपाठ मलाही. मग एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. कंपनीने स्टोअरमध्ये खुर्ची दिली. खेळ सुटला, खेळाडूची भूक मात्र सुटली नाही. चार वर्षांत तो दुप्पट झाला आणि चाळ खूश! "नोकरी मानवली हो दत्तूला," बायका म्हणायच्या. आमचे बाप गिरणीत झिजून काटक्या होऊन गेले. अंग सुटलं म्हणजे घरात बरकत आली, एवढंच आम्हाला कळत होतं.

मग खाण्याच्या पैजा सुरू झाल्या. लग्न असो, पूजा असो, दत्तूला पंगतीच्या मधोमध बसवायचं आणि वाढत राहायचं. तो घाम पुसत हसायचा. मैदानातल्या टाळ्या त्याला आता पानावर मिळत होत्या...

पायाची जखम भरेना, म्हणून मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. शुगर निघाली, प्रेशर निघालं. डॉक्टर म्हणाले, "पूर्वी असे पेशंट शेटलोकांत दिसायचे. आता तुमच्या चाळींतून येतायत, तेही चाळिशीच्या आत. वजन उतरवा, नाहीतर कठीण आहे." स्टेशनपर्यंत दत्तू पाय ओढत चालला. मग म्हणाला, "पंगतीत नको म्हटलं, तर माझ्यात उरलं काय रे?"

"सोड ना यार, काय होत नाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको, नलिनीवहिनी, दारात आली. "भावजी, हे तुमचंच ऐकतात. घरात मी सांभाळते. बाहेर तुम्ही लोक तेवढा आग्रह करू नका." मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी माझ्या भावाचं लग्न होतं. पोरांनी जिलब्यांची परात आणून दत्तूसमोर ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणावं, एवढंच त्या नजरेत होतं. मी ओरडलो, "दत्तू, आपल्या चाळीच्या इज्जतीचा सवाल आहे!" आणि मोजायला लागलो. बेचाळीस. हनुवटीवरून पाक गळत होता, डोळे तारवटले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आम्ही त्याहून मोठ्याने शिट्ट्या मारत होतो.

महिनाभरात तो गेला. चाळीच्या अरुंद जिन्यावरून त्याला खाली आणताना आठ जण लागले. मधल्या वळणावर तिरडी अडकली तेव्हा कुणीतरी पुटपुटलं, "क्रेन बोलवा रे." खांदा दिलेले दोघे-तिघे हसले. खोटं कशाला सांगू... माझेही ओठ हलले.

तेराव्याला तीच माणसं जेवायला. दत्तूची मुलगी, दहा वर्षांची, अंगाने बापावर गेलेली, माझ्या शेजारी बसली होती. समोरच्या मालवणी म्हाताऱ्याने तिच्या पानात दोन लाडू वाढायला लावले, मग आणखी दोन. "बापाशीचा नाव राख गो चेडवा!" पंगत हसली. पोरगी लाजली आणि तिने लाडू उचलला.

मी तिचं मनगट धरलं. "पुरे बाळा," म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण अख्खी पंगत वळून बघायला लागली. म्हातारा म्हणाला, "अरे, खाऊ दे की. लहान पोर ता."

नलिनीवहिनी आमटीचं भांडं घेऊन तिथेच उभी होती. तिने पोरीच्या पानातले लाडू उचलले, वाढप्याच्या ताटात परत टाकले आणि माझ्याकडे बघितलं.

"आज सुचलं, भावजी?"

एवढंच म्हणाली, आणि पुढच्या पानावर आमटी वाढायला वाकली.