कड्यावरचा अंगठा

कारखान्यात त्यांना सगळे हातमोजेकाका म्हणत. टर्बाइन इंजिनाच्या फिरत्या शाफ्टभोवती कार्बनचं काळं कडं बसवायचं, म्हणजे बेअरिंगचं तेल आत राहतं आणि थंड ठेवणारी हवा आपल्या वाटेने जाते, हे त्यांचं काम. कड्याला उघडा हात लावायचा नाही, बोटाचा तेलकटपणा इंजिनाच्या उष्णतेने तिथे भाजून बसतो आणि कडं गळू लागतं, हे ते नव्या माणसाला इतक्या गंभीरपणे सांगत की बिचाऱ्याला जेवतानाही हातमोजे घालावेसे वाटत. घरी काचेची बरणीसुद्धा ते फडक्याने धरत.

"लग्नात माझा हात कसा धरलात कोण जाणे," बायको म्हणे.

आणि याच गृहस्थांनी अकरा वर्षांपूर्वी नाक खाजवायला हातमोजा काढला, कडं तिरकं दिसलं, म्हणून उघड्या अंगठ्यानेच दाबलं. कोणी पाहिलं नाही. सगळं पुन्हा खोलायचं तर चारचौघांत सांगावं लागलं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि सही ठोकली.

तेव्हापासून ते इंजिन त्यांच्या कानात राहायला आलं. डोक्यावरून विमान गेलं की हातातला घास हातातच राही.

"पायलटपेक्षा तुमचाच जीव जास्त वर," बायको म्हणे. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना ते इंजिन तपासणीला आलं. नंबर काकांना पाठ होता.

"हे मी उघडतो," ते म्हणाले.

"कमरेकडे बघा जरा, काका," मुकादम हसला.

आत तेलाचा टिपूसही सांडलेला नव्हता. कड्याच्या अंगावर मात्र अंगठा उमटलेला होता, रेघ न रेघ, मधल्या जुन्या कापाच्या खुणेसकट. शाफ्टला घासणाऱ्या कडेपासून केसभर अलीकडे थांबलेला.

"निभावलं की. पुसून टाका," मुकादम म्हणाला.

काकांनी अहवालात लिहिलं: डाग माझ्या उजव्या अंगठ्याचा, अकरा वर्षांपूर्वीचा.

"आठ दिवसांसाठी कशाला ही उठाठेव?"

"पहिल्या खेपेपासून मी त्यात बसलोय रे. आता उतरू दे."

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तेवढ्यात वरून विमान गेलं आणि घास पुन्हा थांबला.

"आता काय राहिलं?" तिने विचारलं.

"बाकीची कडी बसवताना हातात हातमोजे होते ना, ते आठवतोय."